१४ एप्रिलचा एक खेळ नको, दर शुक्रवारचा वाटा हवा

विद्यापीठाच्या, आयआयटीच्या, मोठ्या कॉलेजांच्या सभागृहात आठवड्याला एक नवा सिनेमा लागतो. तिकीट नाममात्र, कुठे कुठे फुकट. प्रॅक्टिकल, सबमिशन आणि मेसची रांग यांतून सुटलेली पोरं-पोरी तीन तास तिथे बसतात, शिट्ट्या मारतात, हसतात, रडतात. आमचा याला विरोध नाही. मल्टिप्लेक्सचे तिकीट न परवडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा पडदा म्हणजे हक्काची जागा आहे. म्हणूनच आम्ही विचारतो: दर आठवड्याची यादी ठरवतो कोण?

उत्तर ठरलेले असते. "पोरांना आवडतं ते लावतो." कोणत्या पोरांना? यादी ठरते सांस्कृतिक समितीच्या चार-पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ज्याचे इंग्रजी सफाईदार, ज्याची सीनियरशी ओळख आणि ज्याला पार्ट टाइम नोकरी करावी लागत नाही, तो त्या ग्रुपमध्ये असतो. घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेला आपला पोरगा खुर्च्या लावायला असतो, यादीवर नसतो.

पैसा मात्र सगळ्यांचा असतो. भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीतून कॉलेजचे सक्तीचे शुल्क भरले जाते. त्यात खेळ, ग्रंथालय, विद्यार्थी संघ यांचे शुल्कही येते. जिथे अशा निधीवर सिनेमा चालतो, तिथे त्या प्रोजेक्टरच्या दिव्यात आमचाही पैसा जळतो. तेव्हा "तुमच्यासाठी १४ एप्रिलला लावतो की" हे उपकार केल्याच्या सुरातले बोलणे बंद झाले पाहिजे.

१४ एप्रिलला जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' लागतो. २००० सालचा हा सिनेमा मोलाचा आहे, मामूट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो प्रत्येक नव्या बॅचने पाहावा. पण वर्षभर पडदा त्यांचा आणि एक दिवस आमचा, ही वाटणी आम्ही ओळखतो. गावाला गावकूस असते तशी कॅलेंडरलाही असते. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन तारखा देऊन उरलेल्या वर्षाच्या वेशीबाहेर आम्हाला बसवले जाते.

मग सांगतात, "तसल्या सिनेमांना प्रेक्षक येत नाही." २०१६ साली 'सैराट'ने मराठी सिनेमाच्या कमाईचे विक्रम मोडले, तेव्हा थिएटरात काय भुतं बसली होती? जातीने केलेला खून दाखवणारा सिनेमा महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिला. त्याचा हिंदी अवतार 'धडक' २०१८ मध्ये आला. जात पुसट केली, महाल आणि राजस्थान ठेवले. प्रेक्षकाला जात चालते, यादी करणाऱ्यांना चालत नाही.

दुसरा आक्षेप, "सिनेमात राजकारण आणू नका." २०२२ साली 'द कश्मीर फाइल्स' भाजपशासित राज्यांनी करमुक्त केला. ते राजकारण नव्हते? तो दाखवला की देशप्रेम आणि 'फँड्री' लावा म्हटले की जातीयवाद! जब्याने शेवटी भिरकावलेला दगड कुणाकडे येतो हे यांना पक्के ठाऊक आहे, म्हणून तो सिनेमा नको असतो.

साथींनो, आपल्यापर्यंत सिनेमा पोचतो तो तीन चाळण्यांतून. पहिली सेन्सॉरची. २०२५ मध्ये 'फुले' ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, सेन्सॉरने 'महार', 'मांग', 'पेशवाई' या शब्दांवर बोट ठेवले आणि सिनेमा २५ एप्रिलला आला. जोतीरावांचा सिनेमा, आणि जातीचे नाव घ्यायचे नाही! एका दलित मुलीच्या खुनाचा तपास दाखवणारा संध्या सुरी यांचा 'संतोष' कान महोत्सवात गेला, ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला, पण भारतात त्याचे थिएटरातले प्रदर्शन अडवले गेले. दुसरी चाळणी थिएटरवाल्यांची. अडनिड्या वेळेचे दोन खेळ द्यायचे, आठवड्यात उतरवायचा आणि "चालला नाही" म्हणून मोकळे व्हायचे. तिसरी चाळणी आपल्या कॅम्पसची. पहिल्या दोन आपल्या हातात नाहीत. तिसरी आहे, आणि तिथेच आपण गप्प बसलो तर सेन्सॉरला दोष देण्यात अर्थ नाही.

मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाल'चा (२०१८) नायक लॉ कॉलेजात शिकणारा दलित मुलगा आहे. इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात त्याचा पाणउतारा होतो. हिंदीत तीच गोष्ट 'धडक २' म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली. नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' त्याच सप्टेंबरात आला, भारताने तो ऑस्करला पाठवला. त्यात पोलीस भरतीच्या आशेवर जगणारे एक दलित आणि एक मुसलमान असे दोन मित्र आहेत. हे सगळे नवेच सिनेमे आहेत. "आम्ही फक्त नवे रिलीज दाखवतो" हा नियम असेल तर त्या नियमातही हे बसतात.

कुणी म्हणेल, एवढ्याशा सिनेमासाठी कशाला भांडता? ऑगस्ट २०१५ आठवा. दिल्लीच्या किरोडीमल कॉलेजात 'मुझफ्फरनगर बाकी है' या माहितीपटाचा खेळ अभाविपने बंद पाडला. त्याचा निषेध हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनने केला. पुढे तक्रारी झाल्या, मंत्र्यांची पत्रे गेली, पाच दलित संशोधक वसतिगृहाबाहेर काढले गेले. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला आपल्यातून गेला. कॅम्पसवर काय दाखवायचे यावरून व्यवस्था किती दूर जाते, हे आपण किंमत मोजून शिकलो आहोत.

कोणताही सिनेमा बंद पाडा, असे आम्ही म्हणत नाही. बंद पाडणे हे त्यांचे काम. आमच्या मागण्या चार आहेत. वर्षाची यादी आणि खर्चाचा हिशोब नोटीस बोर्डावर लावा. यादी ठरवणाऱ्या समितीत एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक विद्यार्थी आणि मुली यांना जागा द्या, तीही निवडून आलेली, प्राचार्यांच्या मर्जीतली नव्हे. महिन्यातला एक शुक्रवार जातीचा प्रश्न थेट मांडणाऱ्या सिनेमाला, कोणत्याही भाषेतल्या, उपशीर्षकांसह द्या. आणि प्रत्येक खेळानंतर अर्धा तास चर्चेला ठेवा, मग सिनेमा 'छावा' असो की 'झुंड'.

मागणी करताना तयारीने जा. मागच्या वर्षीची यादी काढा, मोजा, कागदावर मांडा. 'जय भीम' (२०२१) ओटीटीवर आला, पण घरच्या सबस्क्रिप्शनवर सभागृहात तो दाखवता येत नाही, हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. नाही तर हाच नियम दाखवून खेळ रोखतील. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १९५९ पासून काम करते, आपल्या कॅम्पसची फिल्म सोसायटी तिच्याशी जोडता येते का ते पाहा.

आपल्याला हे नवे नाही. भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला तेव्हा कुणाच्या थिएटरची वाट पाहिली नाही. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' उभे केले, ते बाबासाहेबांनी समोर बसून पाहिले. बाबासाहेबांनी कॉलेज काढले तेव्हा वर्गाबरोबर रंगमंचही आपल्या हाती आला होता. आता पडद्याचा प्रश्न आहे.

येत्या शुक्रवारी सिनेमा जरूर पाहा. पण सोमवारी समितीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहा.

जय भीम!