संघाचे धुणे धुणाऱ्या बाई
मैत्रिणींनो, धुण्याच्या ढिगाला कंटाळलात? मग पॅट समिटबाईंचं ऐका. १९७४ साली अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाने मुलींचा बास्केटबॉल संघ त्यांच्या हाती दिला. वय २२, पगार महिना २५० डॉलर. संघाचे गणवेश त्याच धुवायच्या, गाडीही त्याच हाकायच्या! पुढे ३८ वर्षांत १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय अजिंक्यपदं. शिस्त कडक. मुलींनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं! १९९० साली एका खेळाडूच्या घरी गेल्या असताना कळा सुरू झाल्या, तरी बाई विमानाने परतल्या आणि टेनेसीतच बाळंत झाल्या. (आपल्याला बाई हे पटत नाही!) २०११ साली स्मृतिभ्रंशाचा आजार निघाला. तो त्यांनी लपवला नाही, आणखी एक हंगाम संघाबरोबर काढला. २०१२ साली त्यांचीच जुनी खेळाडू होली वॉर्लिक यांनी संघ हाती घेतला. २०१६ साली बाई गेल्या.