आजारी विद्यार्थ्याला परतीचा हक्क हवा

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला क्षयरोग झाला, कर्करोगाचे निदान झाले किंवा नैराश्य इतके वाढले की वर्गात जाऊन बसणेही जमेना, तर त्याने पुढे काय करायचे? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदवी शिक्षण नियमावलीत या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर सापडत नाही. हजेरीचा हिशेब मात्र तिच्यात चोख आहे. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. पहिले वर्ष चार प्रयत्नांत सुटले पाहिजे आणि प्रवेशाच्या तारखेपासून ९ वर्षांपलीकडे अभ्यासक्रम चालू ठेवता येत नाही. आजारपणात गेलेला काळ या ९ वर्षांतून वजा करावा, उपचार घेऊन परतलेल्याला त्याची जागा द्यावी, असे स्पष्ट कलम नाही. काही आरोग्य विद्यापीठे अभ्यासातला खंड माफ करण्याचे अर्ज विचारात घेतात, पण तो विद्यार्थ्याचा हक्क नसतो, अर्ज वाचणाऱ्याची मर्जी असते. ती झाली नाही, तर प्रवेश रद्द करून पुन्हा नीटला बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आजारपणामुळे शिक्षण थांबलेल्या मुलाला असे शून्यापासून प्रवेश मागायला लावणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे आणि रुग्णांच्याही हिताचे नाही. त्याला परतीचा लेखी हक्क मिळाला पाहिजे.

पुन्हा नीट देणे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थी या परीक्षेला बसले आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. या गर्दीत जो एकदा पात्र ठरला, त्याच्याकडून अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र पुन्हा वदवून घ्यायचे. त्याचा आजार बरा झाला आहे का, शरीररचनाशास्त्र त्याच्या किती लक्षात आहे, वॉर्डातले काम त्याला झेपेल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या परीक्षेतून मिळत नाही. म्हणजे जे तपासायला हवे ते तपासले जात नाही आणि जे एकदा सिद्ध झाले तेच पुन्हा सिद्ध करावे लागते. शिवाय जो मधल्या वर्षात कोर्स सोडतो, त्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळत नाही. प्रवेश पहिल्या वर्षालाच होतात आणि त्यांची अंतिम मुदत उलटली की ती जागा त्या बॅचपुरती रिकामीच राहते. त्यामुळे बरा होऊन परतणारा विद्यार्थी कोणाच्याही ताटातले ओढून घेत नाही. उलट त्याला पहिल्या वर्षापासून नवा प्रवेश घ्यायला लावले, तर तो एका नव्या उमेदवाराची जागा अडवतो आणि त्याच्या आधीच्या वर्षांवर झालेला सरकारी खर्चही वाया जातो.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कोणाला वाटेल. आकडे तसे सांगत नाहीत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात २०१६ मध्ये ४३ देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली, आणि अशी लक्षणे असलेल्यांपैकी उपचार घेणारे होते फक्त १५.७ टक्के. आपल्या आयोगाच्या राष्ट्रीय कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालातही एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे नोंदवले आहे. यातला प्रत्येक जण कोर्स सोडण्याच्या वाटेवर नाही, हे उघड आहे. पण उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण इतके कमी का, याचा विचार केला पाहिजे. आजार उघड झाला तर आपल्यावर शिक्का बसेल आणि करिअर हातचे जाईल, ही भीती त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. ज्या व्यवस्थेत रजा घेतल्यावर परत येण्याची खात्री नाही, तिथे विद्यार्थी रजा घेत नाही. तो आजार लपवतो आणि तसाच ड्युटीवर उभा राहतो. क्षयरोगाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत शिकणाऱ्या डॉक्टरांना रुग्णसेवा करतानाच क्षयरोगाची लागण होणे नवे नाही. साध्या क्षयरोगाचे उपचारही सहा महिने चालतात. सुरुवातीचे काही आठवडे सक्तीची विश्रांती लागली किंवा औषधे सोसली नाहीत, तर बारा महिन्यांच्या वर्षात ८० टक्क्यांची अट पाळणे अवघड होते. ज्या वॉर्डात तो शिकायला गेला त्या वॉर्डाने दिलेल्या आजाराची किंमत एकट्या विद्यार्थ्याने मोजावी, हे कुठल्या न्यायात बसते?

परतीच्या हक्कावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप रुग्णसुरक्षेचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अमेरिकेत याच मुद्द्यावर एक महत्त्वाचा खटला झाला. न्यू यॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७५ मध्ये प्रवेश घेतलेली एक विद्यार्थिनी मानसिक आजारामुळे काही महिन्यांत रजेवर गेली. पुढे तिने परतण्याचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. दरम्यान तिने हार्वर्डमधून सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातली पदव्युत्तर पदवी मिळवली आणि संघराज्य सरकारच्या आरोग्य खात्यात उत्तम काम केले. कनिष्ठ न्यायालयाने तिला परत घेण्याचा अंतरिम आदेश दिला. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. आजार उलटण्याची शक्यता निम्म्याहून कमी असली तरी तो धोका लक्षणीय आहे आणि विद्यापीठाला तेवढे कारण पुरेसे आहे, असे न्यायालय म्हणाले. तिने प्रवेशाच्या वेळी आजाराचा पूर्वेतिहास दडवला होता, हीसुद्धा त्या प्रकरणातली महत्त्वाची बाब होती. या निकालातली काळजी खरी आहे. पण ‘लक्षणीय धोका’ ही कसोटी आजाराच्या इतिहासावरच टेकली, तर बरे झालेल्या माणसाची आजची अवस्था मागे पडते. मधल्या वर्षांत त्याने काय करून दाखवले, याला मोल उरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे वेगळी वाट धरली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले, की वाचा-भाषेच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्यापलीकडे गेली एवढ्यावरून एमबीबीएसला अपात्र ठरवता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने तपासून लिहिले पाहिजे. तो निकाल प्रवेशाच्या टप्प्यावरचा आहे, पण त्यामागचे तत्त्व परतीलाही तितकेच लागू पडते. तपासायची ती आजची क्षमता. शिवाय एमबीबीएसचा विद्यार्थी एकट्याच्या जबाबदारीवर रुग्ण हाताळत नाही. त्याच्यावर शिक्षकांची नजर असते, टप्प्याटप्प्यावर परीक्षा असतात, शेवटी वर्षभराची इंटर्नशिप असते. उपचार घेऊन, तपासणी होऊन परतलेला विद्यार्थी रुग्णासाठी जितका सुरक्षित आहे, तितका आजार लपवून रेटत राहिलेला नाही.

दुसरा आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. नापास होण्याची वेळ आली की आजाराचा दाखला आणायचा, अशी पळवाट निघेल, असे म्हटले जाईल. ही शंका रास्त आहे आणि तिचा बंदोबस्तही करता येण्याजोगा आहे. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर रजा मिळू नये. विद्यार्थी ज्या कॉलेजात शिकतो ते सोडून दुसऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाने रजेआधी आणि परतताना अशी दोनदा तपासणी करावी. रजेच्या काळात परीक्षेचा प्रयत्न मोजला जाणार नसेल, तर परीक्षेला बसण्याची मुभाही नसावी. एवढे केल्यावर खोट्या आजाराचे आकर्षण राहत नाही, कारण बॅच पुढे निघून जाते आणि हाती येते ते फक्त एक गेलेले वर्ष. मधल्या काळात शिकलेले विसरले जाते, हा मुद्दाही खरा आहे. त्यावर उपाय असा, की परतणाऱ्याने ज्या टप्प्यात कोर्स सोडला त्याच टप्प्याच्या सुरुवातीपासून नव्या बॅचबरोबर बसावे आणि दोन वर्षांहून अधिक खंड पडला असेल तर आधीच्या टप्प्याची छोटी उजळणी परीक्षा द्यावी. म्हणजे सवलत वेळेची मिळेल, गुणवत्तेची नाही.

९ वर्षांची मर्यादा मग कशाला, असेही विचारले जाईल. मर्यादा हवीच. वर्षानुवर्षे परीक्षा देत राहणाऱ्यांना कुठेतरी थांबवावे लागते. पण नापास होण्यात गेलेले वर्ष आणि केमोथेरपीत गेलेले वर्ष एकाच रकान्यात मांडणे चुकीचे आहे. आयोगाला हा फरक कळत नाही असे नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या २०२३ च्या नियमावलीत ठरलेल्यापेक्षा जास्त रजा झाली, तर तितक्याच दिवसांनी प्रशिक्षणाची मुदत वाढते. निवासी डॉक्टरसाठी जे शहाणपण सुचले, ते अठरा-एकोणीस वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्यासाठी का सुचू नये? पदव्युत्तर जागा सोडणाऱ्यांकडून लाखो रुपये वसूल करणाऱ्या बंधपत्रांबाबतही आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना फेरविचार सुचवला होता. विद्यार्थ्यांवर येणारा मानसिक ताण हेच कारण त्यामागे दिले होते. आता याच विचाराने एक पाऊल पुढे जायला हवे.

त्यासाठी पदवीच्या नियमावलीत तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. मंडळाने मान्य केलेल्या आजारपणात ९ वर्षांची आणि प्रयत्नांची मोजणी थांबेल. त्या काळात जागा विद्यार्थ्याच्या नावावर राहील आणि फी पुन्हा आकारली जाणार नाही. परतीचा अर्ज ठरावीक दिवसांत निकाली निघेल, नकार असेल तर कारण लेखी मिळेल आणि त्यावर अपील करता येईल. केंद्राची दुरुस्ती होईपर्यंत नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ९ वर्षांच्या मर्यादेत बसणाऱ्या प्रकरणांसाठी एकच स्पष्ट परिपत्रक काढावे, म्हणजे प्रत्येक कॉलेजात वेगळा न्याय होणार नाही. आजारी माणसाला बरे करून पुन्हा कामाला लावणे हे ज्या विद्येचे प्रयोजन आहे, ती विद्या शिकवणाऱ्या संस्थांनी आपल्याच विद्यार्थ्यांना ही वागणूक द्यावी, एवढीच ही मागणी आहे.