आजोबांना वेड लागलेलं नाही, डॉक्टरांना बोलवा

खान्देशातल्या कुठल्याही दवाखान्यात रात्री जा. एखादे बाबा सलाईन उपटतात, मेलेल्या भावाला हाका मारतात. कोणी म्हणतं 'वात झाला', कोणी म्हणतं 'बाहेरचं'.

मंडळी, हा डिलिरियम. इन्फेक्शन, घटलेलं सोडियम, ऑपरेशन, काही झोपेच्या अन् ॲलर्जीच्या गोळ्या यामुळे होतो. मेंदूतलं ॲसिटिलकोलिन कमी पडतं, डोपामिन वाढतं, असं डॉक्टर मानतात. कारण शोधून उपचार केले की बहुतेकदा उतरतो.

अमेरिकेत १९९९ च्या अभ्यासात चष्मा, कानाचं मशीन, पाणी, झोप, चालणं एवढं सांभाळलं, तर प्रमाण १५ टक्क्यांवरून १० वर आलं. याला कुठलं महागडं मशीन लागतं? माणूस लागतो.

आणि माणूसच नसतो. जून २०२० मध्ये जळगाव सिव्हिलमधून ८२ वर्षांच्या कोरोनाबाधित आजी बेपत्ता झाल्या. आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात मृतदेह सापडला. त्यांना डिलिरियम होता असं माझं म्हणणं नाही. पण खाट रिकामी दिसल्यावर शौचालय बघायला आठ दिवस? डीनसह काही जण निलंबित झाले. रात्रपाळीला नर्स किती वाढल्या, हे जळगाव-धुळ्याच्या लोकप्रतिनिधींनी सांगावं.

तोवर आपण एवढं करा. 'कालपर्यंत नीट बोलत होते' हे डॉक्टरांना ठणकावून सांगा, अन् चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या.