दम आणि दात

सायंकाळी साडेपाचच्या सुमारास अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात किंवा मुलुंडच्या प्रियदर्शिनी क्रीडा संकुलात गेलात, तर कडेच्या बाकावर दप्तर आणि पाण्याची बाटली सांभाळत बसलेली मंडळी बहुधा आपल्याच वयाची दिसतील. आईवडील तेव्हा कचेरीत किंवा लोकलमध्ये असतात. म्हणून आजचा विषय खेळाडूंचा असला, तरी तो मुद्दाम तुमच्यापुढे ठेवीत आहे.

राज्य स्पर्धेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांचे स्वतंत्र संघ उतरतात, इतकी कबड्डी या भागात रुजलेली आहे. पकडीच्या झटापटीत कोणाचे डोके, कोणाचे कोपर कोणाच्या हनुवटीवर आदळेल, याचा नेम नसतो. मुष्टियुद्धात माउथगार्ड घातल्यावाचून रिंगणात उतरता येत नाही. कबड्डीत मात्र तो क्वचितच दिसतो. यामागे निव्वळ बेफिकिरी नाही. चढाई करणाऱ्याला तीस सेकंदांपर्यंत एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणावे लागते, तेही पंचांना स्पष्ट ऐकू जाईल असे. दुकानात तयार मिळणारा सैल माउथगार्ड दात आवळून धरावा लागतो. दात आवळले, की दम कसा घ्यायचा? मग मूल तो काढून पायमोज्यात खोचते.

ज्यांनी कवळी वापरली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. मापाची कवळी तोंडात राहते. बेमापाची वाटीतल्या पाण्यात.

दुसरा प्रकार गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा. तो तयार गार्डापेक्षा बरा; परंतु जोराने चावले, तर नेमका जिथे जाड हवा तिथेच पातळ होतो. तिसरा मापाचा. दंतवैद्य वरच्या दातांचे माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करतात आणि एका लवचीक प्लॅस्टिकचा तापवलेला पत्रा हवेच्या दाबाने त्यावर घट्ट बसवतात. असा गार्ड वरच्या दातांना आपोआप धरून राहतो. मूल तोंडाने श्वास घेऊ शकते, बोलू शकते, आणि थोड्या सरावानंतर दमही स्पष्ट येतो. मार एका दातावर न पडता पसरतो; ओठ, गाल आणि जीभ दातांखाली सापडण्याचा धोका कमी होतो. मात्र डोक्याला बसणाऱ्या धक्क्यापासून मेंदूचे रक्षण तो करील, अशा भरवशावर राहू नका.

दात पडण्या-येण्याच्या वयात मापाचा गार्ड लवकरच आखूड पडतो आणि नवा करावा लागतो. हा खर्च सर्वांना झेपेल असे नाही. तोवर मऊ करून बसवायचा गार्ड वापरला, तरी काहीच नसण्यापेक्षा उत्तम. दातांना तारा लावलेल्या असतील, तर आधी दंतवैद्यांना विचारावे. खेळानंतर गार्ड थंड पाण्याने धुवावा, भोके असलेल्या डबीत ठेवावा. गरम पाणी आणि ऊन यांनी त्याचा आकार बिघडतो.

२००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत जबडा मोडलेला असताना पट्टी बांधून गोलंदाजी करणारा अनिल कुंबळे आपल्याला आठवतो. कौतुक करावेच, पण दहा वर्षांच्या नातवापुढे तो दाखला देताना जपावे. मोडलेले हाड सांधते, पडलेला कायमचा दात पुन्हा उगवत नाही.

तसा प्रसंग आलाच, तर दात शोधा आणि शुभ्र भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका, ते घासू नका. माती लागली असेल, तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवा. दात कायमचा असेल आणि मूल शुद्धीवर, शांत असेल, तर तो लगेच जागेवर बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमले नाही, तर थंड दुधात ठेवा, पाण्यात नव्हे, आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्यांकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. आत वाढणाऱ्या दाताला इजा होते. मैदानाजवळ दुधाचे दुकान कोठे आहे, आणि संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना कोणता, हे उद्याच बाटली भरायला जाताना पाहून ठेवा.