गोठ्यातून घरात आलेली सांधेदुखी

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्याइतकीच गुडघ्यांची चर्चा होते. कुणाची कंबर, कुणाचे मणके. "वय झालं गं" म्हणत आपण तेल चोळतो आणि कामाला लागतो. पण एकाच घरात सासू, सून आणि शाळकरी मुलगा अशा तिघांचेही सांधे धरले, अधूनमधून ताप येऊन अंग घामानं भिजलं, तर त्याला वय कसं म्हणायचं? अशा वेळी गोठ्याकडेही बघायला हवं.

ब्रुसेलोसिस हे नाव अवघड, पण रोग जुना. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी त्याचा जंतू शोधला. तो शेळीच्या दुधातून माणसात येतो, हे १९०५ मध्ये तिथल्याच डॉ. झमिट यांनी दाखवलं. जनावरांत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय-म्हैस भरत आलेली असताना गाभडते, जार अडकते. ती जार उचलायला आणि गोठा झाडायला कोण असतं? बहुतेक घरांत आपणच! हाताला चीर असली की जंतू आत शिरतो. शिवाय ताकद येते म्हणून मुलांना धारोष्ण दूध पाजायची हौस आहेच. हा रोग माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. घरातल्या अनेकांना होतो तो एकाच गोठ्यामुळे, एकाच चरवीतल्या कच्च्या दुधामुळे.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या पारड्यांना एकदाच लस टोचायची, अशी योजना. पाऊल चांगलंच आहे. पण या लसीनं आधीच आजारी असलेली गाय बरी होत नाही, आणि माणसांसाठी अशी लस वापरात नाही. जनावरांचे डॉक्टर गोठ्यापर्यंत येतात, आशाताई उंबऱ्यापर्यंत. गाय गाभडली हे एकाला ठाऊक, बाईचे सांधे धरलेत हे दुसऱ्याला. ही दोन टोकं जोडणार कोण? मला वाटतं, सध्या तरी आपणच.

प्रत्येक सांधेदुखी याच रोगाची नसते. पण घरी जनावर असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. रक्त तपासून निदान होतं. मणक्याचं दुखणं कधी कधी क्षयाचं वाटतं, म्हणून गोठ्याची माहिती महत्त्वाची. एकीला रोग निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. साधारणपणे दोन औषधं मिळून निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून ती मध्येच सोडली तर दुखणं उलटतं. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी जंतू मरत नाही.

दूध उकळूनच प्या. जारेला उघड्या हातानं शिवू नका, ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या गावातल्या किती कालवडींना ही लस मिळाली?