आखाड्याबाहेर राहिलेली माणसे

व्यायाम हे तरुणांचे काम, अशी समजूत समाजमनात घट्ट रुजली आहे. मुलाला तालमीत धाडावे, स्वतः मात्र सकाळी चार पावले फिरून यावे आणि तेवढ्यावर समाधान मानावे, हा अमरावती-अकोल्यातील सुस्थित घरांचा सर्वसाधारण क्रम. घरातील स्त्रीच्या वाट्याला तेवढेही येत नाही. घरकाम हाच तिचा व्यायाम, असे इतरांनीच परस्पर ठरवून टाकलेले असते.

वास्तविक बलोपासनेची थोर परंपरा या भूमीत आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ची. हुतात्मा राजगुरू या आखाड्यात घडले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीची प्रात्यक्षिके केली. त्याच गावात पन्नाशीच्या गृहस्थाला मांडी घालून बसल्यावर हात टेकल्यावाचून उठता येऊ नये, ही विसंगती बोचणारी आहे. बैठकांमागून बैठका घेणारे कार्यकर्तेही यास अपवाद नाहीत. फक्त त्या बैठका निराळ्या!

वयाबरोबर स्नायू झिजतात, त्याला इलाज नाही, असे मानणाऱ्यांनी १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अवश्य ध्यानात घ्यावा. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांड्यांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी चालताना काठी टाकली. व्यायाम थांबताच चार आठवड्यांत कमावलेल्या शक्तीला उतरती कळा लागली, हेही तितकेच महत्त्वाचे. पुढे भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या पाहणीत, हाताची पकड जितकी दुबळी तितका मृत्यूचा धोका अधिक, असे २०१५ साली दिसून आले. रक्तदाबाच्या आकड्यापेक्षाही पकडीने हा धोका अधिक अचूक सांगितला.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर आहे. भारतीय बालक जन्मतःच अंगात स्नायू कमी आणि चरबी अधिक घेऊन येते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले. रक्तातील साखर रिचविण्याचे मोठे काम स्नायूच करतात. अशा समाजात २०२२ साली निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के होते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात चालण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला, वृद्धांसाठी तोल सांभाळण्याचा सरावही. यासाठी महागडी जिम लागत नाही. जोर-बैठकांची संख्या बेताबेताने वाढवीत नेणारा तालमीतील वस्ताद हेच तत्त्व शिकवीत आला आहे. ज्याचे गुडघे बैठका सोसत नाहीत, त्याने खुर्चीवरून हात न टेकता उठबस करावी, भिंतीला हात लावून जोर काढावेत. हृदयविकार असल्यास आधी वैद्यांना विचारावे. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकला की फिरणे सुटते. हा व्यायाम घरात चालू राहतो.

वऱ्हाडातील व्यायामशाळांनी आता पन्नाशीपुढील नागरिकांसाठी वेगळे वर्ग उघडावेत. स्त्रियांसाठी शिक्षिका असावी आणि वेळ पहाटेची नको. पहाटे त्या स्वयंपाकघरात अडकलेल्या असतात. दुपारी चार वाजता येऊ शकतील.