आकड्याला भुलू नका!

कुणाकडे जुना संगणक आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती मेगाहर्ट्‌झचा?" मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, असे आपण धरूनच चालतो. माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे; आणि अर्ध्या प्रश्नाच्या उत्तरावर घरातले पैसे खर्च करणे शहाणपणाचे नव्हे.

वडिलांबरोबर बाजारात जाताना तुमचा धाकटा भाऊ त्यांच्या दुप्पट पावले टाकतो, तरी तो पुढे जात नाही. मिनिटाला पावले किती, याबरोबर पाऊल किती लांब, हेही पाहावे लागते. प्रोसेसरचे तसेच आहे. त्याच्या घड्याळाचे सेकंदाला किती दशलक्ष ठोके पडतात, एवढेच मेगाहर्ट्‌झ सांगतो. एका ठोक्यात काम किती होते, हे तो सांगत नाही.

आता थोडे गणित करू. इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर १९८५ साली आला आणि ४८६ हा १९८९ साली. प्रोसेसरच्या आतच असलेल्या दोन संख्यांची साधी बेरीज करायला ३८६ ला २ ठोके लागत, ४८६ ला १. म्हणजे ३३ मेगाहर्ट्‌झच्या ३८६ ला या बेरजेस २ ÷ ३३, सुमारे ०.०६ मायक्रोसेकंद लागे. २५ मेगाहर्ट्‌झच्या ४८६ ला १ ÷ २५, म्हणजे ०.०४. लहान आकड्याचा प्रोसेसर दीडपट वेगवान ठरला! पुढे २००० साली १.४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ आला, तेव्हा काही कामांत १ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ३ त्याच्या पुढे जाई.

मग हा आकडा निरुपयोगी आहे का? नाही. एकाच जातीच्या दोन प्रोसेसरांची तुलना करताना तो उपयोगी पडतो. २५ मेगाहर्ट्‌झच्या ४८६ पेक्षा ३३ चा ४८६ वेगवान असतो. जाती वेगळ्या असल्या की मात्र तो फसवतो.

जुळणीचेही असेच आहे. ३८६ साठी लिहिलेली आज्ञावली ४८६ ला समजते, कारण आज्ञांची भाषा तीच आहे. पण ३८६ ला १३२ पिना, तर ४८६ ला १६८. एकाच्या खाचेत दुसरा कसा बसणार? भाषा जुळणे वेगळे आणि बैठक जुळणे वेगळे.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, दोन संगणकांची तुलना करायची असेल तर प्रयोगशाळेत करता तसेच करा. दोघांना तेच काम द्या, हातात घड्याळ घ्या आणि वेळ मोजा. डब्यावरच्या आकड्यापेक्षा तुम्ही स्वतः मोजलेला आकडा अधिक विश्वासाचा.